चामड्याचे पट्टे

माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हा रडली नव्हती. पाच वर्षांची झाली तरी उभं धरलं की तिच्या टाचा वरच राहायच्या आणि गुडघे एकमेकांत अडकायचे. येणारीजाणारी प्रत्येक बाई सांगायची, मालीश करा, चालेल पोरगी. सांगायला काय जातं!

उज्जैनच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक मराठी डॉक्टर होते. त्यांनी आईला समोर बसवून समजावलं, "बाई, दोष पायांत नाही, मेंदूत आहे. जन्मताना श्वास कोंडला, तेव्हाचा. तो जाणार नाही. पण हिला सगळं कळतं. पाय तेवढे आखडू देऊ नका, काठी धरून चालेल." त्यांनी दिलेल्या मापाच्या लाकडी फळ्या करून आणल्या. देवास गेटच्या मोच्यानं त्यांना चामड्याचे पट्टे लावून दिले. आंघोळ आणि मालीश सोडून दिवसरात्र पायांना बांधायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दिवसरात्र! माधव नगरात आमच्या दोन खोल्या. एकीत चूल आणि देव, दुसरीत आम्ही. चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही, आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. फळ्या बाहेर ओट्यावर राहिल्या. शाळेतून आले की मी बहिणीला तिथं नेऊन बांधायची आणि दिवेलागणीला सोडायची. श्रावणात तेवढंही नाही. बाबा म्हणायचे, "तुझी आई ऐकत नाही, मी काय करू?" आणि पेपर उघडायचे.

सुती पट्टे लावले असते तर? कुणाला सुचलंच नाही. डॉक्टरांना विचारायचं म्हणजे खरं सांगावं लागलं असतं. आई दुष्ट नव्हती हो. देवच पोरीला बरं करणार, मग त्यालाच विटाळ कसा करायचा, असं तिचं म्हणणं. तरी मला तिचा अजून राग येतो. माझा जास्त येतो, कारण खेळायला पळायचं म्हणून मी कितीदा पट्टे लवकर सोडले. "अजून थोडं," बहीण शब्द ओढत म्हणायची. तिला चालायचं होतं.

मग राज्यं नव्यानं मांडली गेली, राजधानी भोपाळला झाली आणि आमच्या डॉक्टरांची बदलीही तिकडेच झाली. बहीण तोवर नऊ वर्षांची होती. टाच हातानं दाबूनही खाली येईना. नव्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि म्हणाले, टाचेमागची शीर लांब करायचं ऑपरेशन इंदूरला होतं. बाबांचा चेहरा एकदम खुलला.

"पट्टे रोज बाँधते थे?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी, रोज. दिन-रात," बाबा म्हणाले. लाजेनं म्हणाले.

डॉक्टर बहिणीकडे वळले. "सच बता बेटी."

तिनं आईकडे पाहिलं. आईची मान खाली होती.

"दिन-रात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. दिवसरात्र बांधूनही पाय आखडले, तर ऑपरेशननंतर पुन्हा आखडतील, पोरीला उगाच कापू नका, असं त्यांनी हिंदीत नीट समजावलं. मी शेजारीच उभी होते, चौदा वर्षांची घोडी, आणि मी तोंड उघडलं नाही. इंदूरची चिठ्ठी त्यांनी लिहिलीच नाही.

बाबांनी तिला उचलून टांग्यात बसवलं. मी शेजारी बसले तशी ती माझ्या कानाशी आली.

"ताई, मी बरोबर बोलले ना?"

"हो," मी म्हणाले.