सुरतेहून आणलेली नक्कल

माझं लग्न पिंपळगाव राजात लागलं आणि सुरतेत मोडलं. नवरा तिथे साड्यांच्या कारखान्यात कामाला होता, म्हणून दोघांच्या संमतीचा अर्ज तिथल्याच कोर्टात केला. निकाल लागला त्या दिवशी मी कागद न घेताच स्टेशन गाठलं. मलकापूरला उतरले तेव्हा ते शहर पुन्हा बघायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

सहा वर्षांनी देऊळघाटच्या एका शिक्षकांचं स्थळ आलं. त्यांची बायको आजारपणात गेली होती. आम्हाला एकमेकांचं पटलं. बुलढाण्याला लग्नाच्या नोंदणीची चौकशी केली, तेव्हा तिथले साहेब म्हणाले, "घटस्फोटाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागेल."

माझ्याकडे केसचा नंबरही नव्हता. वकिलांचा जुना फोन लागेना. दोन दिवस विचार करून शेवटी मोठ्या नणंदेला फोन लावला. ती सुरतेतच राहते. घटस्फोटानंतर आम्ही बोललो नव्हतो. मी नाव सांगायला लागले.

"आवाजावरूनच समजलं मले," ती म्हणाली. "काय पाहिजे ते सांग."

संध्याकाळी तिने भावाकडच्या झेरॉक्सचा फोटो पाठवला. त्यावर नंबर होता. मग पुन्हा तिचाच फोन आला. "अर्जावर तुहीच सही लागते म्हणतात. माह्या घरी उतर. त्याले सांगून ठेवलं, तो इकडे येणार नाही."

कोर्टात ती माझ्याबरोबर आली. खिडकीतल्या कारकुनाने मला गुजराती लिहिता येत नाही हे पाहिलं आणि अर्ज स्वतःच भरायला घेतला. एका रकान्याशी थांबून त्याने हिंदीत विचारलं, "नकल किसलिए चाहिए?"

शेजारी नणंद उभी.

"दुसरी शादी के लिए," तीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काऊन गप्प राह्यली? चांगलं काम हाय. अन् तीन नकला घे, परत कोण येते इतक्या दूर?"

नकला मिळायला चार दिवस लागले. तेवढे दिवस मी तिच्या घरी राहिले. तिने जुना विषय एकदाच काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तवा मी तुह्याकडून बोलायले पाहिजे होतं." मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि निवडायला लागले.

पुढच्या महिन्यात बुलढाण्यात आमची नोंदणी झाली. साहेबांनी नक्कल पाहून फाइलला लावली आणि सह्या करायला सांगितलं. साक्षीदार तीन होते. एक माझा भाऊ, एक यांचे मित्र. तिसरी आदल्या दिवशीच मलकापूरला उतरली होती, माझ्यासाठी सुरतेची साडी घेऊन.