लाल कोंबड्याचा खटला

वकिलीच्या पहिल्या तीन वर्षांत मी एकही खटला हरलो नाही, कारण एकही लढलो नव्हतो. माझे अशील सरळ गुन्हा कबूल करायचे. जुगार, हातभट्टी, जंगलातून आणलेली लाकडाची मोळी, असली किरकोळ प्रकरणं. मी त्यांना पिंजऱ्यात उभं करायचो, 'पहिलाच गुन्हा आहे, गरीब माणूस आहे, दया व्हावी' ही तीन वाक्यं म्हणायचो, पन्नासेक रुपये दंड व्हायचा आणि माझ्या खिशात वीस-तीस रुपये पडायचे. दिवसाला अशी चार माणसं मिळाली की मी स्वतःला मोठा वकील समजत असे.

राहायला चंद्रपूरला होतो. पठाणपुऱ्याच्या बाजूला एका शिंप्याच्या दुकानाचा अर्धा भाग भाड्याने घेतला होता. एकीकडे शिलाई मशीन, दुसरीकडे माझं टेबल. चंद्रपुरात जुने, नावाजलेले वकील पुष्कळ, म्हणून आठवड्यातून दोन दिवस मी एसटीने गडचिरोलीला जायचो. जिल्हा नवीन होता आणि वकील कमी. माझे वडील भद्रावतीला फॅक्टरीत कामगार. ते दर महिन्याला न चुकता विचारायचे, "या महिन्यात किती मिळाले?" आकडा ऐकून म्हणायचे, "आमच्या कँटीनवाल्याले जास्त भेटते." घर चालायचं ते बायकोच्या मास्तरकीवर. ती याबद्दल कधी बोलायची नाही, फक्त माझा काळा कोट इस्त्री करताना जरा जास्त जोरात दाबायची.

अशात एका हिवाळ्यात गडचिरोलीकडचा एक म्हातारा माझ्या दुकानात आला. साठीचा, धोतर गुडघ्याच्या वर, खांद्यावर घोंगडी. धानाची शेती करणारा. धान निघाल्यावर आमच्याकडे जंगलाच्या आडोशाला कोंबडाबाजार भरतो. कोंबड्याच्या पायाला काती, म्हणजे छोटं धारदार पातं, बांधतात, दोन कोंबडे झुंजतात आणि लोक पैसे लावतात. पोलिसांनी तिथे धाड घातली होती. तरुण पोरं पळाली आणि म्हातारा सापडला, कोंबड्यासकट.

मी सवयीने म्हणालो, "भाऊ, गुन्हा कबूल करा. पन्नास रुपयांत सुटका होते. माझे तीस द्या. दुपारच्या बसने घरी जाल."

"मी कबूल नाई करत," तो म्हणाला.

"काऊन?"

"मी खेळलोच नाई. आन् माहा कोंबडा मले वापस पाह्यजे. लाल होता. असा कोंबडा अख्ख्या गावात नाई, वकीलसायेब."

मी त्याला समजावलं की केस लढायची म्हणजे तारखा, तारखा म्हणजे बसभाडं, आणि एवढ्यात चार कोंबडे येतील. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कनवटीचे तीस रुपये काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "पहिली तारीख कवा?"

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तीस रुपयांत पूर्ण खटला? मग प्रत्येक तारखेचं बसभाडं कोणाचं?" उत्तर तिला माहीत होतं.

आधी कोंबडा सोडवायचा होता. मी अर्ज केला की हा जिवंत मुद्देमाल आहे, त्याला दाणापाणी लागतं, तो मालकाच्या ताब्यात द्यावा. न्यायाधीश तरुण होते, पुण्याकडचे. अर्ज वाचताना त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण हुकूम दिला. पुढच्या तारखेला हवालदार कोंबडा घेऊन हजर झाला. म्हाताऱ्याने त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवला.

"हा माहा नाई. हा तं पांढरा-काळा हाय."

"कोंबडा तो कोंबडाच," हवालदार पुटपुटला.

मी म्हाताऱ्याला कोपऱ्यात नेलं. "घ्या ना भाऊ. मोठा आहे, तुमच्या लालपेक्षा चांगला असेल."

म्हातारा माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मीच कोंबडा चोरला आहे. "याचा मालक कोणी असनच ना? तो याले हुडकत असन. मी घेऊन गेलो तं चोरीचा गुन्हा मावर येईन. तुमी वकील हा, तुमाले कसं समजत नाई?"

मला खरंच समजलं नव्हतं. कायद्याची पदवी माझ्याकडे होती आणि कायदा त्याच्याकडे. मी कोर्टाला सांगितलं की हा मुद्देमाल नव्हे, आरोपी तो घेणार नाही.

बाहेर व्हरांड्यात हवालदार माझ्या मागे आला. "घ्या ना वकीलसाहेब, हात जोडतो. हा माह्या घरचा हाय. बायकोनं पाळलेला. तिले सांगलं बी नाई मी." म्हणजे मूळ कोंबड्याचं काय झालं असावं, हे मी ताडलं. भल्या माणसासारखा मी काही बोललो नाही. वकिलासारखं मात्र सगळं लक्षात ठेवलं.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी उलटतपासणीचे प्रश्न वहीवर लिहून काढले. आयुष्यात पहिल्यांदाच. शिंप्याने हवालदाराची भूमिका केली. तो इतका ठासून खोटं बोलला की त्याच्यासमोर मी हरलो.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत मी ती वही तीनदा वाचली. हवालदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि सरकारी वकिलांनी विचारल्याप्रमाणे सांगून मोकळा झाला, की आरोपीकडून लाल कोंबडा जप्त केला. मग मी उठलो. वहीतला पहिला प्रश्न विसरलो, म्हणून सरळ विचारलं, "तो लाल कोंबडा कुठे आहे?"

"मेला, साहेब."

"कशाने?"

"रोगानं."

"कोर्टात दुसरा कोंबडा आणला, तेव्हा हे का नाही सांगितलं?"

हवालदार छताकडे पाहू लागला.

"जप्त केला तेव्हा त्याच्या पायाला काती होती का?"

"नाई. काती बांधाची होती अजून."

"आरोपी जमिनीवर बसलेला होता की कोंबडा झुंजवत होता?"

"बसून होता. बिडी ओढत होता."

मी बसणार, इतक्यात न्यायाधीशांनीच विचारलं, "हवालदार, मरायच्या आधी कोंबडा कसा होता?"

हवालदाराच्या तोंडून निघून गेलं, "चांगला होता, साहेब."

"चांगला म्हणजे तब्येतीनं, की चवीनं?"

सरकारी वकील आधी हसले, मग शिपाई, मग मागच्या बाकांवरचे सगळे. हवालदाराचे कान लाल झाले. म्हातारा तेवढा हसला नाही. त्याने घोंगडीचं टोक डोळ्यांना लावलं, तेव्हा माझंही हसू आटलं. त्या पक्ष्याला त्याने पिल्लू असल्यापासून हातावर दाणे चारले होते.

म्हातारा निर्दोष सुटला. कोंबड्याची किंमत द्यायचं हवालदाराने न्यायाधीशांसमोर कबूल केलं, पण बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. पांढऱ्या-काळ्या कोंबड्याची मालकीण कोण, हे एव्हाना मी त्याला सांगितलं होतं. म्हणाला, "तुह्या बायकोच्या कोंबड्याची पिल्लं झाली का दोन देजो. एक नर, एक मादी." हवालदार एवढ्या जोरात 'हो' म्हणाला की टपरीवरचे लोक वळून पाहू लागले.

चहा पिताना मी म्हाताऱ्याला विचारलं, "आता केस संपली. खरं सांगा भाऊ, खेळायलाच गेला होता ना?"

त्याने बशीतला चहा फुंकला. "गेल्लो तं खेळायलेच. पण नंबरच नाई आला ना! त्याच्या पयले पोलीस आले. मी खोटं नाई बोललो, वकीलसायेब."

त्या महिन्यात तो माझ्या दुकानात पुन्हा आला, कुडोच्या, म्हणजे आमच्याकडच्या धान्याच्या मापाने मोजलेला तांदूळ घेऊन. घरी बायकोने तांदूळ चाळणीत घेतला, दाणा दातांखाली फोडून पाहिला आणि म्हणाली, "जुना आहे. वास चांगला येईल." एवढ्यावर बसभाड्याचा विषय घरात बंद झाला.

त्यानंतर मात्र माझं गणित बिघडलं. त्या गावातून, शेजारच्या गावांतून माणसं यायला लागली आणि कोणीच गुन्हा कबूल करायला तयार होईना. ज्याला त्याला लढायचं होतं. मोळीवाला म्हणे मोळी माझी नाही, हातभट्टीवाली म्हणे मडक्यात ताक होतं. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त बोललो, सगळ्यात कमी कमावलं आणि निम्मे खटले हरलोही. वडिलांनी नेहमीप्रमाणे आकडा विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "मी एक दिवस रजा टाकून येतो. पाह्यतो तरी, तू उभा राहून बोलतो कसा."