दुधीचा फोटो आणि डावी चप्पल

कॉलनीतल्या बाग-गटाला मी ब्लॉग लिहायला शिकवतेय. तो आज सुरू झाला, पण तासभर भांडून.

गटातल्या कुसुमताईंच्या वेलाला अखेर एक दुधी धरलाय. आधीचे सगळे कोवळेच गळले, म्हणून त्या फोटो काढू देईनात. "सगळं नाशिक बघणार, मॅडम. दृष्ट लागेल."

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, चिडलेच. "मोबाईलमधून दृष्ट लागत नाही."

"तुमची एकटीची लागते, तीच पुरे."

शेवटी मांडवाला जुनी चप्पल टांगून त्यांनी फोटो काढू दिला. चप्पल फोटोत दिसलीच पाहिजे, ही अट.

संध्याकाळी दिंडोरीहून पहिली कमेंट आली, "आम्ही डावी टांगतो. तुमची कोणती?"

मी निमूटपणे बागेत जाऊन बघून आले. डावीच आहे. दुधीही जागेवर आहे.

तुमच्याकडे वेलाला काय बांधतात?