मिल्काबाई पर्स उलटी करून बघायच्या

मिल्काबाई गेल्याचं पत्र गेल्या महिन्यात आलं. त्यांच्या मुलीनं, दीनानं, इस्रायलहून मराठीतच लिहिलेलं. ‘आई गेली. शेवटी तुझं नाव घेत होती,’ एवढंच. पत्र घडी करून मी हातातली पर्स शिवत राहिले. टाका वाकडा गेला, तो उसवला, पुन्हा घातला... रडू त्यानंतर आलं.

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. माहेर जवळच्याच ओवे गावचं, वडील मिठागरावर. नवरा मुंबईच्या एका कचेरीत कारकून. शनिवारी दुपारी घरी यायचा, सोमवारी जायचा. आठवडाभराचा राग माझ्यावर निघायचा. आमटी खारट झाली, दार उघडायला उशीर झाला, काहीही पुरायचं. कमरेचा पट्टा काढून बकलाच्या बाजूनं मारायचा. आणि पुढच्या शनिवारी फोर्टातून माझ्यासाठी पर्स आणायचा. विलायती फॅशनची, चकचकीत. वर्षभरात चार झाल्या. आळीतल्या बायका हेवा करायच्या.

मिल्काबाईंच्या आणि आमच्या घराला मधे एकच भिंत. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आणि विधवा. मुंबईत पर्सच्या कारखान्यात माल तपासण्याचं काम केलेल्या. आता घरीच कातडी पर्स शिवून तिकडच्या दुकानांना द्यायच्या. एका मंगळवारी त्या आल्या आणि म्हणाल्या, “बघू तुझी नवी पर्स.” वरची बाजू त्यांनी पाहिलीच नाही. पर्स उलटी केली, अस्तर फाडलं, वास घेतला, कोपरा दुमडून नखानं दाबला. “कातडं नाही, मेणकापड. आत पुठ्ठा. कडी नुसती वाकवलीय, झाळून सांधलेली नाही.” मग पर्सवर पाय देऊन पट्टा असा ओढला की तो मुळासकट हातात आला. “ही कशाबद्दल मिळाली?”

मी बाही वर केली.

“बाकीच्या आण,” त्या म्हणाल्या. चारही पर्स त्यांनी माझ्यासमोर फाडल्या. शेवटची फाटली तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांच्या अंगावर धावून गेले, केस ओढले, ओरबाडलं. त्यांनी माझी मनगटं धरली आणि शांतपणे विचारलं, “हा जोर शनिवारी कुठं जातो गं तुझा?”

दुसऱ्या दिवशी मी ओव्याला पळाले. वडील म्हणाले, “नवरा हाय तुजा. आमी काय बोलनार? ठेवून घेतली तं गाव नाव ठेवील.” आणि स्वतः परत आणून सोडलं.

त्या रविवारी नवऱ्याला पर्सच्या चिंध्या सापडल्या. त्यानं माझं डोकं चौकटीवर आपटलं. मी सुटून मिल्काबाईंच्या घरात शिरले, तो मागोमाग. त्यांच्या पाटावर चामडं कापायची रापी पडली होती. ती उचलून त्यानं माझ्या तोंडावर उगारली, आणि मिल्काबाईंनी उघड्या हातानं तिचं पातं धरलं. दोन बोटं खाली पडली. त्या ओरडल्या नाहीत. डाव्या हातानं हातोडी उचलून त्यांनी त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग हाताला अस्तराचं कापड गुंडाळून म्हणाल्या, “चल चौकीवर. चालत जायचं. लोकांना बघू दे.” भर बाजारातून आम्ही गेलो, दोघींच्या पातळावर रक्त. नवऱ्याला सक्तमजुरी झाली. वडील आले, त्यांनी मिल्काबाईंचा तो हात पाहिला आणि उंबऱ्यावर मटकन बसले. नंतर म्हणाले, “पोर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.”

त्या हातात कातडं टोचायची आरी धरता येईना, म्हणून शिवायला मी लागले आणि त्या तपासायला. कशा तपासायच्या! टाका दात लावून बघायच्या, कड दगडावर घासायच्या, आत वरवंटा घालून पर्स दिवसभर खिळ्याला टांगायच्या. माझी पहिली पर्स तासाभरात उसवली, दुसरी, तिसरीसुद्धा. “वर नटवतेस, आत आळस,” म्हणायच्या. एकदा चिडून त्यांनी पर्स फेकली, ती माझ्या तोंडावर बसली, ओठ फुटला. रक्त पाहून त्या पांढऱ्याफटक पडल्या. “मीपण मारलं तुला,” एवढंच म्हणाल्या आणि दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसल्या. मीच चहा करून दिला. पुन्हा त्यांनी कधी काही फेकलं नाही, पण माझी एकही कच्ची पर्स दुकानात जाऊ दिली नाही. दहा वर्षं.

मग मुंबईला असलेली दीना इस्रायलला गेली आणि तिनं आईला बोलावलं. एस. टी. स्टँडवर सामान चढवून झालं, तेव्हा इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही हात का मधे घातलात?”



“दीनाचा बाप मला मारायचा,” त्या म्हणाल्या. “भायखळ्याला. तो मरेपर्यंत. तिथंही मधे एकच भिंत होती. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं...”

“मग?”

“मग काय! ते ग्रामोफोन लावायचे.”

कंडक्टरनं घंटी मारली. बस सुटली.