उशीर कोणाच्या पदरात

"आधी तोंडातला घास गिळा मुकादम, मग वायरमनच्या नावानं बोटं मोडा."

"बोटं मोडून काय होतंय ताई? तुम्ही उशीर त्याच्या नावावर टाका, झालं. त्याला तसंही सगळे शिव्या घालतात. अजून एकीनं काय वजन वाढणार आहे त्याचं?"

प्लास्टरचा मुकादम जेवता जेवता बोलत होता. जिन्याखाली दोन पोत्यांवर फळी टाकून तो आणि बाई रोज दुपारी डबा खायचे. बाकी साइटवर बाईंच्या शेजारी कोणी बसत नसे. तोंडावर 'मॅडम', पाठ वळली की 'उशीरबाई'.

त्यांचं कामच तसं. इमारत ठरल्या वेळेत उभी राहिली नाही की मालक नि ठेकेदार एकमेकांच्या अंगावर येतात. मग बाईंना बोलावणं जातं. कोणतं काम कुठं अडलं, त्याच्यापायी पुढचं काय रखडलं, हे उकरून काढायचं आणि उशीर कोणाचा ते सांगायचं. त्या दिसल्या की गवंडी विषय बदलत. सुपरवायझर तर एकदम विटा मोजायला लागे.

मुकादम तेवढा पहिल्याच दिवशी सरकून म्हणाला होता, "बसा ताई. उशीर काय साथीचा रोग नाही."

साइट बदलली की बाईंची खोली बदले. खिळ्याला पिशवी, खुर्चीवर कपडे, भिंतीपलीकडं कुणाचं तरी भांडण. संध्याकाळी भावजयीचा फोन यायचा.

"वन्सं, कधी येताय?"

"काम संपलं की."

"दुसऱ्यांची कामं का संपली नाहीत ते सांगायचं तुमचं काम. ते कसं संपायचं?"

बाई हसायच्या. फोन ठेवला की पुढं दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत बोलायला माणूस नसे.

आणि नेमकं या मुकादमाचंच घोंगडं अडकलं होतं. वायरमन उशिरा आला हे खरं. पण वरच्या मजल्यावर प्लास्टरची पाळीच अजून आली नव्हती, त्यामुळं त्याच्यासाठी कोणी खोळंबलं नव्हतं. मुकादमानं खालचा मजला लवकर उरकला आणि गडी रिकामे झाले. रिकामा गडी त्याला बघवत नाही. त्यानं वायरच्या नळ्या पडायच्या आधीच वरच्या भिंती गिलावा करून गुळगुळीत केल्या. मग त्या फोडल्या, नळ्या टाकल्या, पुन्हा गिलावा, पुन्हा वाळणं. रंगवाले आणि दारंवाले ताटकळले. बोंब मात्र वायरमनच्या नावानं झाली.

शेजारी नव्या इमारतीचा पाया खणून तयार होता. तिथलं प्लास्टर मुकादमाला मिळायचं होतं. उशीर त्याच्या पदरात पडला तर ते काम हातचं जाणार होतं.

"मुकादम," बाई म्हणाल्या, "अहवाल लिहून झालाय. आज पाठवते. दुसऱ्या कोणाकडनं कळायच्या आधी मीच सांगते."

"वायरमनचं ना?"

"तुमचं."

मुकादमाचा हात डब्यातच राहिला. "अहो, मी तर लवकर केलं होतं. लवकर करणाऱ्याला उशिराचा डाग?"

"एकच भिंत दोनदा केलीत ना?"

"मग काय गडी बसवून ठेवायचे होते?"

"बसवले असते तर काहीच बिघडलं नसतं."

त्यानं उरलेली भाकरी दुमडून डब्यात ठेवली. मग डब्याला झाकण लावत म्हणाला, "खोटं नाही म्हणत मी. पण ताई, तुम्हाला गप्प राहता आलं असतं."

"नसतं आलं."

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो गवंड्यांच्या घोळक्यात जेवायला बसला. बाई दिसल्यावर त्यानं मान हलवली, नाही असं नाही. वायरमन सुटला, पण तोही काही आभार मानायला फिरकला नाही. बाईंनी एकटीनं डबा संपवला, नळावर धुतला. लिफ्टचं काम पुन्हा अडलं होतं. डोक्यावर हेल्मेट चढवून त्या वरच्या मजल्याकडं निघाल्या.