मयताचा माणूस आणि बंदुकीचा गेम

त्या रविवारी मी अख्खं गाव मारलं, आणि तेही चहा निवायच्या आत.

तसा मी साधा माणूस. आमच्या लालबागच्या चाळीत मला 'मयताचा माणूस' म्हणतात. कोणाकडे कोणी गेलं की पहिली हाक मला. मडकं, बांबू, सुतळी, गावच्या नातेवाइकांना फोन, रडणाऱ्यांना पाणी, सगळं मीच बघतो. (लग्नाची आमंत्रणं मला जरा कमीच येतात!) आणि नेमकं म्हणूनच आमच्या अनघाने तिच्या गेमसाठी मला निवडलं.

अनघा कॉम्प्युटरवरचे गेम बनवायला शिकते. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी तिने बंदुकीचा गेम केला होता, पण खेळणाऱ्याला युद्धाची किळस यावी असा. यातला मेलेला माणूस इतर गेमसारखा गायब होत नाही. तो तिथेच पडून राहतो आणि घरातली माणसं बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसतात. बंदूक खाली ठेवायचं बटण पहिल्यापासून समोर असतं. ते दाबलं की गेम संपला. जिंकायचा तेवढा एकच मार्ग!

"सर, माझे बाबा पहिल्या मयतानंतरच बंदूक ठेवतील," असं तिने परीक्षकांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. ते व्हिडिओ कॉलवर बघणार होते. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. शेजारच्या गावडेकाकू लसूण सोलत येऊन बसल्या.

पहिला माणूस दारामागून आला. मी दचकलो आणि बोट दाबलं गेलं. तो पडला. एक बाई धावत आली आणि त्याच्या उशाशी बसली.

"अरेरे! यांच्या घरी कळवलं का कोणी? मुलगी बाहेरगावी असेल तर थांबावं लागेल," मी कळवळून म्हणालो.

अनघाचा चेहरा उजळला. सरांनीही मान डोलावली. मी बंदूक ठेवायच्या बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात कोपऱ्यात आकडा चमकला. शंभर!

"हे शंभर कसले गं?"

"पॉइंट, बाबा. त्यांना काही अर्थ नाही."

"पण मिळाले म्हणजे चांगलंच ना?"

"बाबा, बटण..."

दुसरा आला. मारला. तिसरा पळत होता, त्याचे तर दोनशे! अहो, आयुष्यभर मला कोणी कशात मार्क दिले नव्हते! मी मांडी ठोकून बसलो.

"अहो, तो पाणी भरतोय!" आमची ही ओरडली.

"लपून भरतोय!"

"नळच घरामागे आहे, म्हणून!"

ठो!

गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. वाटेत बायका रडत बसलेल्या. चाळीत अशा बायकांना मी स्वतः आधार देऊन पाणी पाजतो. इथे मी काय म्हणालो? "ओ बाई, सरका ना बाजूला, मागे दोनशेवाला पळतोय!" आणि प्रेतांवरून सरळ ढांग टाकून पुढे गेलो.

शेवटी मारायला कोणी उरलंच नाही. मी विजयी मुद्रेने मागे वळून बघितलं. काकूंच्या हातातला लसूण हातातच राहिला होता.

"बाबा, बंदूक ठेवायचं बटण दिसलं नाही का तुम्हाला?" अनघाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दिसलं गं."

"मग?"

"पॉइंट थांबले असते."

ती रडली नाही. रडली असती तर काय करायचं ते मला माहीत होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला पहिल्यांदाच तिच्याकडे बघवेना. पोरीने अख्ख्या जगात एका माणसाची खात्री दिली होती!

सरांनी घसा खाकरला. "अनघा, गेम उत्तम झालाय. पास आहेस तू. फक्त अहवालात वडिलांवर एक पान लिहिलंयस ना, तेवढं काढून टाक."

काकूंनी लसणाचं ताट उचललं आणि दारात थांबून म्हणाल्या, "नाना, माझ्या मयताक तू येव नको हां. माका ओलांडून फुडे जाशीत!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालूनच मी तिरक्या नजरेने काकूंना जाताना बघत होतो, आणि तशातही मनात हिशेब येऊन गेलाच: काकू हळू चालतात, शंभरच मिळतील!