जळक्या तुळईचा तुकडा

व्हँकुव्हरजवळच्या एका छोट्या शहराच्या नगरपालिकेत मी इमारतींचे नकाशे तपासते. ही नोकरी मला दादांमुळे मिळाली. दादा म्हणजे माझे साहेब, मूळचे पुण्याचे. पहिली दोन वर्षं माझे सगळे सण त्यांच्याच घरी झाले. हा माणूस माझं वाईट करणार नाही, असं मी धरूनच चालले होते.

तेव्हा बिल्डिंग कोडमध्ये लाकडी इमारतीला सहा मजल्यांची मर्यादा होती. एक वयस्कर आर्किटेक्ट बाई दहा मजल्यांचा प्रस्ताव घेऊन आली. लाकडाचे थर चिकटवून केलेल्या जाडजूड तुळया, भिंतीही तशाच. आगीचं काय, असं मी विचारलं. तिने पिशवीतून भट्टीत जाळलेल्या तुळईचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. वरून कोळसा, आत पिवळं, कोरं लाकूड. जाड लाकूड वरवर जळतं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. मी चार दिवस तिची गणितं तपासली आणि मला पटलं. कोडमध्ये अपवादाला वाट असते. ती द्यावी, अशी दोन पानी टिपणी मी दादांच्या हातात ठेवली.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले, "पण रिस्क कोण घेणार? रिजेक्ट कर. आणि सही तूच कर, फाइलवर तुझं नाव दिसलं पाहिजे."

मला ते कौतुक वाटलं आणि मी नकारावर सही केली. इतकी मी बावळट. तो तुकडा बाई विसरली की मुद्दाम ठेवून गेली कोण जाणे, माझ्या टेबलावरच राहिला.

पुढे कोड बदललं. आधी बारा मजले, मग अठरा. पालिकेने बिल्डर-आर्किटेक्टांची सभा बोलावली. त्या सकाळी दादा माझ्या टेबलाशी आले, "हा जरा नेतो गं," म्हणाले आणि तुकडा उचलून गेले. स्टेजवर तोच उंच धरून त्यांनी सांगितलं, की त्यांचा लाकडावर पहिल्यापासून विश्वास होता, फक्त ऑफिसातल्या काही जणांना पटवण्यात वेळ गेला. टाळ्या पडल्या. माझ्याच ताटातला घास काढून माझ्यादेखत खाल्ल्यासारखं झालं.

सभा संपल्यावर ती बाई आम्हा दोघांजवळ आली. आधी तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला वाटायचं, नियम आडवा येतोय," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही आडव्या येत होतात तर."

"माझी दोन पानं तुमच्याकडे आहेत," मी दादांना म्हटलं, तिलाही कळावं म्हणून इंग्रजीत. "यांना सांगा त्यात काय लिहिलंय."

दादा हसले. आणि ज्या मराठीत मला ते अजून एक पोळी घे म्हणायचे, त्याच मराठीत म्हणाले, "अगं, घरचं घरी बोलू. इथे नको."

मी तिच्याकडे वळले आणि ते आत्ता काय म्हणाले, ते शब्दन् शब्द तिला इंग्रजीत सांगितलं.